धाकटीची दाढ, माझी दाढ

माझ्या धाकट्या जावेची अक्कलदाढ उन्हाळ्यात काढली, तेव्हा तिच्यासोबत घरातली अर्धी माणसं गेली होती. माझा दीर, सासूबाई, गाडी चालवायला माझा नवरा आणि माहेराहून खास आलेली तिची आई. चादर, उशी, थर्मास, लिंबं, अंगाऱ्याची पुडी, सगळं गाडीत भरलं. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावापासून नगरपर्यंत ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून गेली आणि तशीच परत आली. दाढ वरची, सरळ आलेली. डॉक्टरबाईंनी ती चहा निवायच्या आत काढली म्हणे. तरी आठवडाभर आमचं घर तिच्या गालाभोवती फिरत होतं. सासूबाईंनी जन्मभर मिश्री लावून स्वतःचे दात एकेक करून हातात घेतले आणि परसात फेकून दिले, कुणाला कळूसुद्धा दिलं नाही. त्या सासूबाई धाकटीला रव्याची खीर चमच्यानं भरवत होत्या.

मी घरी होते. जनावरं, पोरं, गॅसवरचं दूध आणि दाढ कशी आहे विचारायला येणारे पाहुणे, यांच्यासाठी कुणीतरी घरी हवंच होतं.

मला तेव्हा जे होत होतं त्याला दुसरं नाव नाही, मी जळत होते. धाकटीच्या साडीवर, दागिन्यांवर, गोऱ्या रंगावर मी कधी जळले नाही. मी जळत होते तिच्या भीतीवर. तिला भीती वाटते हे घरात सगळ्यांना मान्य होतं. पाल दिसली की ती किंचाळणार, वीज कडाडली की कानात बोटं घालणार, आणि सगळे हातातलं काम टाकून तिच्याकडे धावणार. आमच्या घरात भीतीचा सातबारा तिच्या एकटीच्या नावावर होता.

माझ्या वाट्याला धीटपणा आला होता. मी भिंगारची, नगरच्या लष्करी छावणीशेजारची. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून, त्यामुळे सासरच्यांना वाटायचं की मी बंदुकांच्या आवाजातच वाढले. त्यात लग्न होऊन आले त्याच वर्षी पडवीत साप निघाला आणि मी तो फावड्यानं मारला. मारला म्हणजे काय, डोळे गच्च मिटून मी फावडं आपटत राहिले आणि तो बिचारा त्यात सापडला. पण लोक धावत आले तेव्हा त्यांना मेलेला साप दिसला, माझे मिटलेले डोळे कुणी पाहिले नव्हते. "थोरलीला काय, ती वाघीण हाय," असं सासूबाई म्हणाल्या आणि ते गावभर झालं. त्यानंतर मला कशाची भीती वाटली तर ती सांगायची सोयच राहिली नाही.

गणपती झाले आणि माझी खालची दाढ ठणकायला लागली. लवंग धरली, मिठाच्या गुळण्या केल्या. एके दिवशी तोंड उघडेना, घास आत जाईना, तेव्हा एसटीनं एकटीच नगरला गेले. डॉक्टरबाई तीच, धाकटीची. फोटो काढून त्यांनी मला पडद्यावर दाखवलं. माझी दाढ हिरडीच्या आत आडवी झोपली होती, पुढच्या दाढेला डोकं लावून. आधी गोळ्या घेऊन सूज उतरू द्यायची, मग हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढायची. डॉक्टरबाई हे फार गोड बोलून सांगत होत्या. माझ्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"येताना घरचं कुणीतरी सोबत आणा," त्या म्हणाल्या.

माहेरी आता कुणी उरलं नव्हतं, म्हणून घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. साखर कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, त्याला मान वर करायला वेळ नव्हता. "तुला कशाला पाहिजे सोबत? तू काय तिच्यासारखी हाय का?" तो हसत म्हणाला. कौतुकानंच म्हणाला. मी पण हसले. मग आत जाऊन परातीतली कणीक अशी तिंबली की सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुणाचा गळा धरलाय?"

गोळ्यांनी सूज उतरली आणि मी गेले. दवाखान्याचा जिना चढताना छाती धडधडायला लागली. वरच्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिले. श्वास आत जात होता पण पुरत नव्हता. आपण इथंच मरणार, आणि घरी कळेल तेव्हा पहिली किंचाळणार धाकटीच, सगळे तिलाच सावरत बसतील, असं माझ्या मनात आलं. खरं सांगते, हेच आलं. मी खाली उतरले, कापडबाजारातून पोरांना मोजे घेतले आणि घरी येऊन सांगितलं, डॉक्टर गावाला गेल्यात. कुणीही शंका घेतली नाही. वाघीण खोटं कशाला बोलेल?

पुढच्या खेपेला खुर्चीपर्यंत पोचले. खुर्ची मागं झुकली, तो मोठा दिवा तोंडावर आला, आणि माझे पाय आपोआप खाली उतरले. लेकाला ताप आलाय, फोन आलाय, असं काहीतरी बरळत मी पर्स उचलून निघाले. लेक शाळेत कबड्डी खेळत होता.

मोबाईलवर मी उपाय शोधले. एक बाई साखरेच्या पाकासारख्या आवाजात सांगायची, डोळे मिटा, लांब श्वास घ्या, तुम्ही एका शांत नदीकाठी बसला आहात. आमच्या नदीकाठी मोटारींचे पाईप, डास आणि पाण्याच्या पाळीवरून भांडणारे भाऊबंद. मी श्वास घ्यायची, सोडायची आणि मध्येच तिथं धाकटी दिसायची, आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. मग श्वास बिनसायचा.

तिला विचारता आलं असतं. घरात या विषयातली जाणकार तीच होती. पण तिला विचारायचं म्हणजे तिच्या दारात भीती मागायला जायचं. त्यापेक्षा दाढ दुखलेली बरी.

दाढ काही थांबायला तयार नव्हती. पुन्हा ठणका लागला, पुन्हा गोळ्या झाल्या. मी रोज अर्धी भाकरी दुधात बुडवून गिळते हे शेवटी सासूबाईंनी पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, चल, मी येते. लुगडं बदलायला उठतील. मी खरंच थांबून राहिले. त्या म्हणाल्या, "धाकटीला घेऊन जा संगं. तिला त्या दवाखान्याची समदी माहिती हाय."

म्हणजे मला सोबत मिळाली, ती हीच.

धाकटी ठेवणीतला ड्रेस घालून निघाली. एसटीत खिडकी तिनं घेतली, कारण तिला मळमळतं. नगर येईपर्यंत ती तिच्या दाढेची कथा सांगत होती. सुई कशी टोचली, जीभ कशी जड झाली, आई कशी रडली. "पण ताई, तुमचं बरंय. तुमाला कशाचंच काय वाटत न्हाई." मी बाहेरच्या उसाकडे बघत होते. माझे तळहात ओले झाले होते आणि मी ते साडीला पुसत होते, तेही तिला दिसलं नाही.

दवाखान्यात गेलो तर तिथली नर्स टेबलामागून उठली. "अगंबाई, तुम्ही! आता कसंय?" ते धाकटीला. डॉक्टरबाईंनीही तिच्या खांद्यावर हात ठेवला. मी ज्या खुर्चीतून पळाले होते त्या खुर्चीत हिच्या आठवणी कौतुकानं जपल्या होत्या. मी स्वतःच जाऊन तिच्यात बसले, नाहीतर माझ्याकडे कुणी पाहिलं असतं की नाही कोण जाणे.

खुर्ची झुकली. दिवा आला. छातीत ते सुरू झालं. बोटं, ओठ, सगळं बधिर, इंजेक्शन अजून ताटलीतच. या खेपेला काय सांगायचं हे मी जुळवत होते. धाकटी पायाशी उभी होती, तिला डॉक्टरबाईंनी मुद्दाम आत येऊ दिलं होतं. मी आता उठणार, एवढ्यात सुई वर आली आणि पायाशी आवाज झाला, "ताई, मला कसंतरी होतंय." आणि ती भिंतीला घसरत खाली बसली.

मग काय. नर्स धावली. डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली आणि त्याही गेल्या. पंखा वाढवला, लिंबू-साखरेचं पाणी आलं, हिचे तळपाय चोळायला लागले. मी तिथं उताणी, गळ्यात तो कागदी रुमाल, डोळ्यांवर दिवा, आणि खोलीतली झाडून सगळी माणसं तिच्याभोवती. दाढ माझी! आडवी दाढ माझी, कापायची हिरडी माझी, आणि पाणी तिला!

माझ्या अंगात असा संताप चढला की त्यात बाकी कशाला जागाच उरली नाही. छाती धडधडत होती, पण आता ती रागानं धडधडत होती आणि तो राग मला चांगला ओळखीचा होता. मी ओरडले, "डॉक्टर, तिला बाहेर बाकड्यावर बसवा आणि इकडं या. मला परत यायला वेळ नाही." आणि जबडा उघडून पडून राहिले.

सुई टोचली, गाल दगड झाला. आतून करकर आवाज यायला लागला, कुणी माझ्या डोक्यात जात्याचा खुंटा उपटतंय असं वाटत होतं. ज्या ज्या वेळी श्वास अडकायला लागला, त्या त्या वेळी मी धाकटीचं एकेक आठवलं. खीर. थर्मास. आईची मांडी. खिडकीची सीट. नदीकाठानं जे झालं नव्हतं ते यानं झालं. डॉक्टरबाई दाढेचे तुकडे ताटलीत टाकत म्हणाल्या, "इतका शांत पेशंट मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही."

परतीच्या एसटीत धाकटी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. तोंडात कापसाचा बोळा धरून मी तिला घरापर्यंत सांभाळत आणलं.

ओट्यावर सासूबाई वाट बघत उभ्या होत्या. आम्हाला पाहिलं आणि पुढं झाल्या, "अगं, काय झालं गं हिला? कशी पांढरीफटक पडलीया!" मी गेले तशीच आत आणि माजघरात भिंतीला टेकून बसले. बोळा काढून टाकला आणि सासूबाईंना मोठ्यानं म्हणाले, "आत्या, मला भीती वाटली. लई भीती वाटली. दोनदा पळून आले मी."

त्या हसल्या. दीर हसला. मुलंही हसली, आई गंमत करतेय म्हणून.

तेव्हा मला रडू फुटलं. लग्नात रडले होते त्यानंतर या घरात कुणी मला रडताना पाहिलं नव्हतं. सुजलेला गाल, वाकडं तोंड, त्यातून रक्त मिसळलेली लाळ, आणि मी हुंदके देत होते. हसणं थांबलं. सासूबाई माझ्याजवळ खाली बसल्या, त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही तरी बसल्या, आणि माझं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. "अगं मग बोलायचं न्हाई का, बया?" त्या परत परत म्हणत होत्या. त्यांच्या लुगड्याला मिश्रीचा वास होता. रडू तसं थोड्या वेळात संपलं होतं. पण मी उठले नाही. उन्हाळ्यापासूनचं वसूल होईपर्यंत मी अधूनमधून हुंदका देत राहिले.

त्या रात्री खीर मला मिळाली. नवरा कारखान्यावरून लवकर आला आणि दारात चपला काढता काढताच "कसं वाटतंय?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला कुणी चुलीपुढं जाऊ दिलं नाही. गालाला बर्फ लावून मी आतल्या खोलीत पडून राहिले, आणि इतकं सुख मला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज आला. हात माझा नव्हता. धाकटीला आजवर भाकरी कधी थापावी लागली नव्हती, मी होते ना. आवाज आधी अडखळत होता, मग लागायला लागला. जेवायला सगळे बसल्याचं कळलं. मामंजी जेवताना कधी बोलत नाहीत. त्यांचा आवाज आला, "आज भाकरी मऊ झाल्यात. कुणी केल्या?"

"म्या केल्या, मामा," धाकटी म्हणाली. तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, त्यात घाबरटपणाचा मागमूस नव्हता.

"रोज तूच करीत जा मग," सासूबाई म्हणाल्या.

मी बर्फ खाली ठेवला. डोक्याला पदर गुंडाळला आणि उठून स्वयंपाकघरात गेले. सगळे नको नको म्हणत होते, डॉक्टरांनी काय सांगितलंय, पड जाऊन. मला धड बोलता येत नव्हतं. मी धाकटीजवळ जाऊन नुसता हात पुढं केला आणि तिच्या पुढ्यातली परात माझ्याकडे ओढली.

तिनं परात सोडली, लगेच नाही, थोडी धरून मग सोडली. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ती बाजूला सरकली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. उन्हाळ्यापासून मी तीच घेऊन या घरात फिरत होते.