मी बसवलेला तिचा नाच

मुलांनो,

तुमच्यापैकी मोठीचे पत्र गेल्या आठवड्यात पोचले. तुमच्या शहरातली एक तरुण मुलगी स्वतःचे नवे नाच बसवते, ती कोणत्या मंडळात नाही, तिला सरावाला जागा मिळत नाही, म्हणून तुम्ही तिघे भावंडे तळघरातली मोठी खोली तिला देणार आहात, असे तू लिहिलेस. ‘आजी, तू इतकी वर्षे शाळा चालवलीस, तर आम्ही तिच्यासाठी आणखी काय करावे ते सांग,’ असेही विचारलेस. उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आले की सल्ला देण्याचा मला फारसा अधिकार नाही. मीही एकदा अशी खोली दिली होती. ती हकीकत मी तुमच्या आईलाही कधी सांगितली नाही. आता सांगते, कारण तुमची खोली अजून द्यायची आहे.

मी तेव्हा हिंगोलीच्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. राज्य निजामाचे होते. माझे शिक्षण वऱ्हाडात मिशनच्या शाळेत इंग्रजीतून झालेले, त्यामुळे घड्याळ, वेळापत्रक आणि लाल शाईने मारलेली सरळ रेघ यांवर माझा फार विश्वास. तुमचे आजोबा वकील. आमच्या घरातले मांजरही ठोका पडल्याशिवाय दुधाला तोंड लावत नाही, असे ते पाहुण्यांना सांगत. शाळा जुन्या छावणीतल्या एका बराकीत भरायची. पलटण जाऊन बरीच वर्षे झाली होती; मागे जाड भिंती आणि उंच छपरे राहिली होती. त्यातल्या सर्वांत लांब खोलीत आम्ही मुलींची कवायत घेत असू.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी मी शेजारणीबरोबर वर्षाची हळद घ्यायला एका व्यापाऱ्याच्या आवारात गेले. तिथे जवळच्या तांड्यावरच्या बायका हळद घासत होत्या. उकडून वाळवलेली हळकुंडे काळपट आणि खरखरीत असतात. त्यांना पिवळी झळाळी आणायची तर ती घासावी लागतात. त्या काळी हे काम पायांनी चाले. बायका पायांना गोणपाट गुंडाळून ढिगावर उभ्या राहत, आडव्या बांधलेल्या बांबूला धरत आणि टाचेने हळद रगडत. त्यांच्यात बावीस-तेवीस वर्षांची एक होती. ती नुसती रगडत नव्हती. टाच ओढायची, पाऊल आडवे टाकायची, मग दोनदा हलके आपटायची, आणि सारे अंग त्या पावलामागे असे जायचे की माझी शेजारीण भाव करायची थांबली.

मी तिला विचारले, “हे तुला कुणी शिकवलं?”

“कोन शिकविल? मीच करून राहिले.”

“तांड्यात सगळ्या असंच नाचतात का?”

“न्हाई बाई. तांड्याला अजून दाखवलं न्हाई. कच्चं हाय.”

शेजारची म्हातारी म्हणाली, “तीन सालापासून कच्चंच हाय. पिकलं म्हंजे आमाला बोलवा.” सगळ्या हसल्या. तीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

मग थोडे थोडे करून मला कळले. त्यांच्या तांड्यात श्रावणात तीजेचा सण नऊ दिवस चाले. कुमारिका टोपल्यांत गहू पेरत आणि संध्याकाळी सगळ्या बायका गोल धरून नाचत. त्या गोलात कुणीही नवा नाच सुरू करावा. त्याला बंदी नव्हती. मात्र तो नाच बायकांनी उचलला आणि पुढच्या वर्षी आपणहून मागितला, तरच तो तांड्याचा झाला. हिने आधी दोन वेळा नवे नाच सुरू केले होते आणि दोन्ही वेळा बायकांनी ते सोडून दिले होते. हा तिसरा. हळदीच्या कामातून निघालेला हा नाच बायकांनी ठेवून घ्यावा, एवढेच तिला हवे होते.

मला तिचे मनापासून कौतुक वाटले. कुणाच्या परवानगीशिवाय, कुणाच्या शिकवणीशिवाय ही मुलगी नवे काही करत होती, आणि तिला त्यासाठी दुपारचे दोन तासही मोकळे मिळत नव्हते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा रिकामी असे. मी तिच्या सासूला भेटून कवायतीची खोली देऊ केली. सकाळी तिने आवारात काम करावे, दुपारी शाळेत यावे, जेवण माझ्या घरचे.

सासू म्हणाली, “खोलीत नाचून काय व्हतं बाई? तिथं गोल कुठं हाय?”

“सराव होतो,” मी म्हणाले. “एकांत मिळतो.”

“एकांत काहून पायजे? ती काय जोगीण हाय?” पण तिने नाही म्हटले नाही.

पहिले पंधरा दिवस मी काही चुकीचे केले असे मला आजही वाटत नाही. मी कोपऱ्यात शिवण घेऊन बसत असे. ती यायची, पाणी प्यायची, फरशीवर पाऊल घासून बघायची. हळकुंडांवरचे पाऊल आणि दगडी फरशीवरचे पाऊल वेगळे पडते, म्हणून तिने टाच ओढण्याची एक नवी रीत काढली. कधी तासभर एकाच वळणावर अडून राहायची. स्वतःशी त्यांच्या बोलीत पुटपुटायची, स्वतःलाच शिवी द्यायची, आणि मग एकदम ते वळण जमायचे. नाच डोळ्यांदेखत वाढत होता.

पण मधेच ती थांबायची. दहा-बारा पावले झाली की जागेवर उभी राहून नुसत्या टाळ्या वाजवायची आणि मान उजवीकडे वळवून बघत राहायची. तिथे भिंत होती. मग पुन्हा पुढे सुरू. असे पाच-सहा वेळा होई. मला वाटले, तिला दम लागतो, किंवा पुढचे सुचलेले नाही.

शाळा उघडल्यावर बक्षीस समारंभ व्हायचा होता आणि शाळा तपासणारे साहेब त्याला येणार होते. तिने तिथे नाचावे असे मला वाटू लागले. तिला विचारले तर ती लगेच “व्हय की” म्हणाली. त्या दिवसापासून मी शिवण घरी ठेवले आणि वही आणली. एकेका पावलाला क्रमांक दिला. समोर टेबलावर घड्याळ ठेवले. ती थांबली की मी विचारी, “इथे काय करायचं?”

“इथं मी न्हाई बाई. इथं दुसरी करंल.”

“दुसरी कोण? इथे तर तू एकटीच आहेस.”

“तिथं असंल की. तिच्या मनाचं करंल ती.”

“आणि ती काय करेल ते तुला माहीत नाही?”

“मला कसं ठावं?”

हे तिने मला इतक्या सरळ शब्दांत सांगितले होते. मला ते ऐकूही आले आणि समजलेही. नाचात तिने शेजारणींसाठी जागा सोडल्या होत्या. एकीने सुरू करायचे, थांबायचे, शेजारणीने त्या जागेत आपले काही घालायचे, मग पुन्हा पहिलीने पुढे न्यायचे. त्यांचा गोल असाच चाले. पण मी शाळेची बाई. न ठरलेली गोष्ट मला अपुरी वाटे. शिवाय साहेबांपुढे एखादी बाई मधेच उभी राहून भिंतीकडे बघते आहे, हे चित्र मला सहन होईना. मी म्हणाले, “समारंभापुरतं सगळं तूच कर. मागची पावलं पुन्हा घे आणि ती जागा भरून काढ.”

तिने विचारले, “बराबर दिसंल का ते?”

“दिसेल.”

मी तिची शिक्षिका नव्हते, तरी तिने माझे ऐकले, कारण खोली माझी होती. हे मला फार उशिरा उमगले.

महिनाभर आम्ही दररोज तोच नाच त्याच क्रमाने केला. तिच्या पावलांत एका ठोक्याचाही फरक पडेना. समारंभाच्या दिवशी ती खरोखर सुंदर नाचली. साहेबांनी उर्दूत तारीफ केली. पालक मंडळींनी टाळ्या वाजवल्या. घामाने भिजलेली ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाई, उठलं न्हाई कोनी.”

मी म्हणाले, “अगं, इथे बसून पाहायचं असतं.”

“असं व्हय,” ती म्हणाली.

श्रावणात तिने मला तीजेचे बोलावणे केले. आजोबा आणि मी बैलगाडीने गेलो. तांडा नरसीच्या वाटेवर, थोडा आत होता. टोपल्यांतला गहू वीतभर वाढला होता आणि पोरी त्याला पाणी घालत होत्या. ऊन उतरले तसा बायकांनी गोल धरला. आधी जुने नाच झाले. मग सासूनेच तिला पुढे केले. “चला, शाळेचं काय ते बघू,” असे ती सुनेला त्यांच्या बोलीत म्हणाली आणि माझ्यासाठी मराठीत पुन्हा म्हणाली.

तिने सुरू केले. पहिली पावले पडताच बायकांनी ओळखले की ही आपली हळद आहे. हशा पिकला, टाळ्यांनी जोर धरला. तिच्या उजव्या हाताला उभी असलेली नणंद पदर खोचून तयार झाली. थांबण्याची जागा आली. नणंदेने पाऊल उचलले, आणि ही थांबलीच नाही. मागची पावले पुन्हा घेत पुढे गेली. नणंद मागे सरली. दुसऱ्या जागेला तसेच झाले, तिसऱ्याला तसेच. मला दुरून दिसत होते की ती थांबू पाहते आहे. मान उजवीकडे वळत होती, पण पाय माझ्या वहीतल्या क्रमाने चालले होते.

“घंटा वाजल्याबिगर थांबनार न्हाई ती,” नणंद म्हणाली. बायका हसल्या.

एकेक करून त्या गोलातून बाहेर पडल्या आणि बसल्या. कुणी रागावले नाही. हळद घासताना जिने टोमणा मारला होता ती म्हातारी म्हणाली, “सगळं तूच नाचलीस पोरी. लई झ्याक नाचलीस. मंग आमी काय करावं?”

शेवटची पावले तिने बसलेल्या बायकांसमोर एकटीने केली. मग ती माझ्याकडे आली. तिला रडू आले नव्हते. ती गोंधळलेली होती.

“बाई, पाय थांबतच न्हाईत आता.”

त्या वेळी मी तिला म्हणायला हवे होते की हे माझ्यामुळे झाले. वही फाडून टाकते, तू शेजारणींना घेऊन खोलीत ये. मी म्हणाले, “त्यांना कळलं नाही. तू फार चांगली नाचलीस.” गाडीत आजोबांनी विचारले, “तिला कुणाची पसंती हवी होती? त्यांची ना?”

ती त्यानंतर दोनदा खोलीत आली. दोन्ही वेळा सुरुवात करून मधेच खाली बसली. जागा कुठे कुठे सोडल्या होत्या ते तिने मला विचारले. मी वही उघडली. थांबण्याच्या खुणा मी तेव्हा नीटनेटकेपणासाठी लाल शाईने खोडल्या होत्या आणि वर नवे क्रमांक घातले होते, खालचे काही वाचता येत नव्हते. “राहू द्या, उगं तकलीफ,” ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती आली नाही. मी निरोप पाठवला नाही. आधी संकोचाने, मग शाळेच्या कामात. त्या पुढच्या तीजेला तिचा नाच कुणी मागितला नाही, असे आवारातल्या बायकांकडून कळले. चौथा नाच तिने सुरू केलाच नाही.

अठ्ठेचाळीस सालच्या उन्हाळ्यात गडबडीचे दिवस आले आणि आम्ही हद्द ओलांडून वाशिमला नातेवाइकांकडे गेलो. पोलीस ॲक्शननंतर परतलो तेव्हा घरातले पुष्कळसे सामान आणि कागद गेले होते, त्यांत ती वहीही गेली. बाजारात एकदा तिची नणंद भेटली. मी चौकशी केली. ती म्हणाली, “बरी हाय. गोलात असती. पर सुरू कर म्हनलं तर न्हाई म्हनती.”

तेव्हा, मुलांनो, खोली जरूर द्या. भाडे घेऊ नका, किल्ली तिच्याकडे ठेवा. ती मधेच थांबली तर का थांबली ते विचारा आणि तिने सांगितलेले खरे माना. आणि तिला ज्यांच्यासमोर नाचायचे आहे त्यांना त्या खोलीत येऊ द्या. याहून जास्त मला ठाऊक नाही.

त्या तांड्यात तीज अजून होते, जुने नाच अजून चालतात. तिचा नाच तिथे कुणाला येत नाही. त्यातली सुरुवातीची अकरा पावले, पहिल्या थांबण्याच्या जागेपर्यंतची, मला आठवतात.