राहू दिलेली खाच

कापसाला सोन्याचा भाव आला, तशी अकोल्यात जुन्या तलवारींना गिऱ्हाइकं आली. माझ्या दुकानाशेजारचा शिकलगार पात्यांचा गंज काढायचा, म्यानांना मखमल चढवायचा. कोणी घाई केली, की म्हणायचा, "कावून बाप्पा, लढाईले जाऊन राहिले का?"

कापसाच्या एका अडत्यानं पातूरच्या एका म्हातारीकडून तलवार विकत घेतली आणि पात्यावरची खाच घासून काढायला सांगितली. शिकलगार आधी तलवार घेऊन खाचेचं विचारायला त्या म्हातारीकडे गेला. मी सोबत होतो. तिनं खाचेवर बोट ठेवलं. "आमच्या मालकानं इथं वार झेलला होता. एवढी राहू दे, बाबा."

खाच तशीच पाहून अडत्या चिडला. शिकलगार शांतपणे म्हणाला, "खाच काढली तं पातं मोडते, शेठ."

इतक्या वर्षांत मी त्याला खोटं बोलताना तेवढंच ऐकलं.