केस दाखवा, शिरा खा

चैत्रातल्या एका दुपारी साडेतीन वाजता, बीडमध्ये बार्शी नाक्याच्या मागच्या गल्लीत, वनमालाबाईंच्या दारासमोर तीन पोरं उभी राहिली आणि मोर्चात देतात तशी घोषणा देऊ लागली, "शिरा आमच्या हक्काचा, नाही कुणाच्या बापाचा!" पुढारपण अंगदकडं होतं. अंगद म्हणजे, लपवून उपयोग नाही, ही हकिकत सांगणाराच. पण त्या दुपारचा त्याचा प्रताप बघता त्याला 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. इथून पुढं तो अंगदच.

घोषणेला कारण होतं. वनमालाबाई म्हणजे मेसवाल्या मावशी. पोलीस भरतीची, तलाठ्याची, कसली ना कसली तयारी करणारी बावीस पोरं दोन वेळ त्यांच्याकडं जेवत. जेवणाच्या खोलीत भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं : 'जेवणात केस किंवा खडा दाखवा, एक वाटी शिरा फुकट खा.' अकरा वर्षांत ही वाटी कुणाला मिळाली नव्हती. पोरांनी प्रयत्न कमी केले नव्हते. एकानं बाहेरून खडा आणून भातात खुपसला होता. मावशींनी तो चिमटीत धरून उजेडात बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो गल्लीतल्या मुरमाचा हाय. माझ्या तांदळाला असला खडा ठाव न्हाई. जेव गुमान."

आणि त्या दिवशी सकाळच्या जेवणात अंगदच्या वरणात केस निघाला. हातभर लांब, मेंदीनं तांबूस झालेला. अंगदनं तो शर्यतीतलं मेडल दाखवावं तसा उंच धरला. अख्खी पंगत ओरडली. मावशी आल्या, केस बघितला, म्हणाल्या, "माझाच हाय." आणि आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. शिऱ्याचं नाव नाही. म्हणून दुपारी मोर्चा.

दार मावशींनीच उघडलं. पदर खांद्यावर होता. उजव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती आणि डाव्या हातात केसांचा गुंता होता, मेथीची जुडी निवडल्यावर देठं उरतात तेवढा. अंगदची घोषणा 'हक्काचा' वरच थांबली. सगळ्यात मागं उभ्या असलेल्या पोराला काही दिसत नव्हतं, त्यानं एकट्यानं 'नाही कुणाच्या बापाचा' पूर्ण केलं.

"शिरा मी देनं लागते," मावशी म्हणाल्या. "पर आज न्हाई. सतरा दिवसामागं संभाजीनगरला गेलते, कॅन्सरचं इंजेक्शन घ्यायला. छातीत गाठ हाय. डॉक्टर म्हनले हुते, दोन-अडीच हप्त्यानं केस जातेल. बरोबर तारखेला निघाले बघा. आपली एश्टी बी एवढ्या टायमाला येत न्हाई."

पोरं हसायचं का नाही ते ठरवत होती, तेवढ्यात दार लागलं.

बाहेर आल्यावर अंगदनं चूक निस्तरायची म्हणून आणखी एक केली. मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं लिहिलं, 'सकाळचा केस माझाच होता, मावशींचा काही संबंध नाही.' भरतीच्या तयारीपायी त्याच्या डोक्यावर तेव्हा खोबरं किसावं एवढेच केस होते. बाकीच्या पोरांनी हसून हसून ग्रुप भरून टाकला. मावशींची भाची ऋतुजा डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला म्हणून त्यांच्याकडंच राहायची, तिनं हा मेसेज मावशींना वाचून दाखवला. संध्याकाळी ताट वाढताना मावशी म्हणाल्या, "का रे अंगद, खोटं बोलून माझा शिरा बुडवतो का? अकरा साल झाले लिहून. माझा केस मला वळखू येत न्हाई?"

मोर्चातल्या बाकीच्या दोघांनी मात्र तोंड आवरलं नाही. दोन दिवसांत गल्लीला कळलं, चार दिवसांत कुणाच्या तरी बापाचा परळीहून फोन आला की, मेस बदल, ते लागतं म्हणे. ते लागत नाही हे ऋतुजानं दहा जणांना समजावून सांगितलं. तरी पाच पोरं गेली. एका गल्लीत तीन मेस, गेलेलं पोरगं परत येत नसतं. उरलेल्या सतरांपैकी कुणाच्या ताटात आता एक जरी केस निघाला तर मेस उठणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. मावशी अंगदला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "गेले ते गेले," म्हणाल्या, "ऱ्हायलेत त्यांच्या ताटाचं बघायचं."

आता मावशींचं मूळ सांगायला हवं, कारण पुढचं तिथून निघतं. त्या दिंद्रुडच्या. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं शाळा चौथीपर्यंत आणि तीही अर्धीच. दिवाळी झाली की पाटी घरात आणि पोरगी फडात. उत्तरेश्वरशी लग्न झालं तेव्हा तो बीडच्या मोंढ्यात हमाली करायचा. त्याची कंबर धरली तेव्हा मावशींनी शेजारच्या खोलीतल्या चार पोरांना भाकरी घालायला सुरुवात केली, तीच मेस. उत्तरेश्वर तेव्हापासून लसूण सोलतो, कांदा चिरतो आणि दिवसाला तीनेक वाक्यं बोलतो.

केस गेल्याचं मावशींना किती लागलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अडचण मात्र सांगितली. तीस वर्षं डोक्यावरून पदर घेतला तो अंबाड्यावर टेकायचा. अंबाडाच गेला, तर पदर टिकतो कशाला! दोन्ही हात पिठात, भाकरी परातीत, आणि पदर मानेवर. वस्तऱ्यानं सगळंच काढून टाकावं असं ऋतुजा म्हणाली. "माझं कुंकू हाय अजून," मावशी म्हणाल्या, "वस्तारा कशाला लावू?" शेवटी कात्रीनं बारीक केले. ते आणखी वाईट झालं. लांब केस वरणात निदान दिसतो; पेराएवढा केस भातात पडला तर तो खाल्ल्यावरच कळणार.

तेव्हा डोक्याला काहीतरी घट्ट बसणारं, सरकणार नाही, टोचणार नाही, चुलीपुढं शिजवणार नाही असं हवं होतं. सल्ला देणाऱ्यांची कमी नव्हती.

पहिला आला भाऊ, बद्रीनाथ. बहिणीला डोकं झाकायचंय एवढंच त्याला कळलं होतं. त्यानं दिंद्रुडहून लोकरीची माकडटोपी आणली, वर गोंडा असलेली. बीडचा पारा तेव्हा एक्केचाळीसवर.

"दादा, हे कावून आनलं?"

"तुझं डोकं झाकाया."

"डोकं झाकायचंय, उकडायचं न्हाई."

टोपी दिवाळीसाठी पेटीत गेली. मग ऋतुजानं आपला स्टोल दिला. बीडमध्ये क्लासच्या पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं बांधून हिंडतात तसा तिनं तो मावशींना बांधून दिला, चार पिना लावून. आरशात बघून मावशी म्हणाल्या, "आता मला बँकेत कुनी घेनार न्हाई." स्टोल जॉर्जेटचा. केस नसलेल्या डोक्यावरून तो सरकायचा, सरकला की पिना कातडीला लागायच्या, आणि तिसऱ्या दिवशी एक टोक गॅसच्या ज्वाळेजवळ गेलं ते आकसून काळं झालं. ऋतुजा म्हणाली, जाऊ दे, जुनाच होता. नवा होता.

मग अंगद आला, क्लासवाल्यांनी फुकट वाटलेली टोपी घेऊन. लाल, पुढं लांब चोच, वर पांढऱ्या अक्षरांत 'यंदा पोस्ट निघणारच!' त्याला वाटत होतं, मावशी ती तोंडावर फेकून मारतील. मावशींनी ती घातली, दोन दिवस घातली. सिलेंडर घेऊन आलेल्या माणसानं वाचलं आणि विचारलं, "मावशी, कशाची तयारी करायलाव?"

"तलाठ्याची."

"वय बसतं का?"

"केस नसले की वय कळत न्हाई."

पण टोपीची चोच पातेल्यात वाकलं की वाफेत जायची, आणि मागं पट्ट्याच्या वर जी फट असते, तिथून नेमके केस बाहेर यायचे. टोपी गेली. ती आता उत्तरेश्वर घालतो. त्याची पोस्ट कोणती, हे कुणी विचारत नाही.

दुसऱ्या डोसला संभाजीनगरला गेल्या तेव्हा शेजारच्या खुर्चीवर युसूफ वडगावची सुनिता होती. तिचा चौथा डोस. तिच्या डोक्यावर छान काळेभोर केस बघून मावशींना वाटलं, हिचं औषध चांगलं दिसतंय. सुनितानं एका हातानं केस उचलून दाखवले. टोप होता.

"लग्नाला जाताना घालते," ती म्हणाली. "घरी आले की खुंटीला. बघता का घालून?"

मावशींनी सलाइन लावलेला हात जपत घालून बघितला. सुनिता म्हणाली, "लई शोभतो, अक्का."

"शोभतो. पर ह्याचा केस वरनात पडला तर शिरा कुनी द्यायचा? मी का दुकानदारानं?"

शिऱ्याची भानगड काय ते सुनिताला सांगावं लागलं. तोवर सलाइनची अर्धी बाटली संपली. मग ती म्हणाली, "मंग टोप ऱ्हाऊ द्या. सुती बघा. जुनं, धुतलेलं सुती. नायलॉन सरकतं. शिवण असंल तर बाहेरून ठेवा, आत आली की रातभर खाजती."

दुसऱ्या डोसनंतर आणखी एक झालं. तोंडाची चव गेली. मीठ कळेना, गोड तर लोखंड चाटल्यासारखं लागायला लागलं. फोडणीचा वास आला की मळमळ. डोसच्या वेळी दोन दिवस मेस बंद, आणि उघडली की मीठ बघायचं काम उत्तरेश्वरकडं. तो चमचाभर तोंडात घालून मान हलवायचा. मान उभी हलली की मीठ बरोबर.

त्याच आठवड्यात, शनिवारी, तो रविवारच्या श्रीखंडासाठी दही टांगत होता. मलमलचं फडकं, दहा वर्षं दर आठवड्याला धुतलेलं, हातात धरलं की पाण्यासारखं. त्यानं ते टांगायच्या आधी थांबून मावशींकडं बघितलं.

"हे बघ की," तो म्हणाला.

"काय बघू?"

"ह्यातनं पानी खाली जातं. दही वर ऱ्हातं."

त्याची दिवसाची वाक्यं संपली. मावशींनी त्याच्या हातातून फडकं घेतलं आणि दुहेरी घडी केली. ते कसं बांधायचं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. उसाच्या फडात पाचटाचा भुसा केसात जाऊ नये म्हणून त्यांची आई, भिवराबाई, असंच फडकं बांधायची आणि पोरीलाही बांधायची. कपाळावरून घट्ट घ्यायचं, कानामागून न्यायचं, मानेवर एकावर एक टोक टाकून परत वर आणायचं आणि बाजूला खोचायचं. गाठ मारायची नाही. डोक्यावर मोळी आली की गाठ डोक्यात रुतते. चाळीस वर्षांनी मोळी नव्हती, पण गाठ आताही रुतलीच असती. डोकं फोडासारखं हुळहुळं झालं होतं.

ते फडकं पाच भाकऱ्या झाल्या तरी हललं नाही. दहा झाल्या. पदर त्यावर असा टेकला की जुना अंबाडा आत असावा. घाम त्यानं पिऊन टाकला, आणि संध्याकाळी सोडलं तेव्हा केस आतल्या घडीत चिकटलेले, एकूण एक. मावशींनी ते निवडून कागदात घेतले आणि उत्तरेश्वरला म्हणाल्या, "आता दह्याला दुसरं आना."

पांढरं डोक्याला नको म्हणून दुकानातून रंगीत मलमल आणली. हिरव्याचा रंग पहिल्याच दिवशी घामानं उतरला, कपाळ पोपटासारखं झालं. पोरांनी माना खाली घालून जेवण केलं. मग मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवून, दोनदा उकळून, अशी सहा फडकी तयार झाली. रोज एक घालायचं, एक वाळत घालायचं.

पोरं काही काळ ताटात वाकून बघत. कुणी बोलायचं नाही, पण भात बोटानं पसरायचा. अंगद तर वरण चमच्यानं ढवळून बघायचा, आणि त्याची भीती बाकीच्यांच्या उलटी होती : सापडला तर कुठं लपवायचा. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. डोक्यावरचं सगळं गेलं, मग भुवया गेल्या. मावशी कणीक मळायच्या आधी ओल्या फडक्यानं तोंड पुसून घ्यायच्या. चौथा डोस झाला, पाचवा झाला. ताटात काही निघालं नाही. आषाढात सहावा झाला. जून-जुलैत क्लासच्या नव्या बॅचची पोरं आली. त्यांना वाटलं, डोक्याला फडकं हा इथला गणवेश आहे. स्वच्छता चांगली दिसते म्हणून सात जण आणखी लागले. भाजी चिरायला बसताना ऋतुजाही बांधायला लागली, त्यामुळं गणवेश पक्काच झाला.

पोळ्यानंतर ऑपरेशन झालं. पंधरा दिवस उत्तरेश्वर आणि ऋतुजानं मेस रेटली. पोरांनी रोज खिचडी खाल्ली आणि तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण हळू आवाजात.

आता मावशींच्या डोक्यावर मटकीला मोड यावेत तसे केस आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे. मेसमध्ये चोवीस पोरं आहेत. भिंतीवरची पाटी तशीच आहे. ऋतुजा म्हणाली होती, खोडून टाकू, तर मावशींनी दिवाळीत तिच्यावर निळ्या रंगाचा नवा हात मारून घेतला. अंगदची पोस्ट यंदाही निघाली नाही, दीड मार्कानं, त्यामुळं तोही आहे.

परवा रविवारी तो लवकर आला. मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या, रव्याचा डबा उघडा, साखरेचा उघडा. बोटाच्या टोकावर चार दाणे घेऊन त्यांनी जिभेवर ठेवले, डोळे मिटले आणि मान आडवी हलवली.

"अजून न्हाई," त्या म्हणाल्या. "मीठ आलं, तिखट आलं, गोड काही येईना. मी चाखल्याबिगर शिरा कधी कुनाला दिला न्हाई."

"काका चाखतील की."

"ह्यांना समदंच गोड लागतं."

उत्तरेश्वरनं लसूण सोलता सोलता लाल टोपी थोडी मागं सरकवली.

"मावशी, राहू द्या आता," अंगद म्हणाला. "मी केस मागं घेतो."

"केस गेला तो गेला, तू मागं कसा घेशील? वाटी तेवढी ऱ्हायलीय." मावशींनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, मग रव्याचं. "पुढच्या रविवारी बघू. ये लवकर."