मैनाबाईची पेशी

आमच्या टीबीच्या लॅबमधली जुनी मंडळी अजूनही मधूनमधून जेवायला जमतात. दर वेळी किस्से वाढतात, आणि माणसं मात्र तीच. बहुतेक किश्श्यांत गाढव एकच असतं, ते म्हणजे मी! तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायच्या आत मीच सांगून टाकतो.

*

नव्वदीच्या शेवटी मी पुण्याहून ताजाताजा आलेलो. टीबीतून बरे झालेल्यांचं रक्त जमवायचं आणि त्यातल्या पेशी टीबीच्या जंतूचं प्रोटीन ओळखतात का ते तपासायचं, ही माझी पीएचडी. पहिला कॅम्प चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या पुढच्या एका गावात होता. मी समाजमंदिरासमोर उभा राहून शुद्ध मराठीत भाषण ठोकलं, "टीबीचा जंतू हा गुन्हेगार आहे. तुमच्या पेशी त्याला ओळखतात का, ते आम्हाला बघायचंय!"

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. एक म्हातारा उठला, म्हणाला, "सायेब, सागवान म्या नाई तोडला!" आणि चालू पडला. त्याच्यामागे अख्खी सभा पांगली.

आमचे ड्रायव्हर सलीमभाई, पक्के चंद्रपूरचे, जीपला टेकून हसत होते. "साहेब, इथी पेशी म्हनजे कोर्टाची तारीख! अर्ध्या गावावर जंगलखात्याच्या केसा, अन् तुमी इथी ओळखपरेड लावून राह्यले!"

*

पुढच्या गावात मी शहाणा झालो. पेशी हा शब्दच गाळला. म्हणालो, "तुमच्या रक्तात शिपाई असतात. ते जंतूला पकडतात."

समोरच्या माणसानं लगेच बाही वर केली. मी खूश!

"काढून घ्या बापा सारेच," तो म्हणाला. "आपल्याले पोलिसाची झंझट नाई पायजे!"

*

असं करत रक्त जमलं, पण लॅबमध्ये पेशी ढिम्म! त्यांच्यासमोर ठेवायचं टीबीचं प्रोटीन आम्ही दुसऱ्याच एका गरीब, सांगाल ते करणाऱ्या जंतूकडून बनवून घेतलं होतं. इतकं शुद्ध, की मी आल्यागेल्याला ट्यूब दाखवत सुटायचो. पेशींनी प्रोटीन ओळखलं की मशीनवर आकडा चढतो. माझा आकडा जागचा हलत नव्हता.

"मॅडम, इकडच्या रक्तातच दम नाही," मी आमच्या गाईडना सांगितलं.

"रक्ताला नावं ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "टीबीचा जंतू स्वतःच्या प्रोटीनला साखरेचे रेणू चिकटवतो. पेशींनी पाहिलंय ते साखरेसकट. तुझ्या गरीब जंतूला ते जमत नाही. तुझ्या प्रोटीनवर साखरच नाही, मग ओळखतील कशा?"

मी खूप विचार केला आणि विचारलं, "वरून टाकू का?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कँटीनची साखरदाणी होती. वर चिठ्ठी: 'पीएचडीसाठी राखीव. चहात वापरू नये.'

*

शेवटी खऱ्या टीबीच्या जंतूपासूनच, साखरेसकट प्रोटीन काढायचं ठरलं. ही बातमी मी मोठ्या उत्साहानं नागभीडच्या एका किराणावाल्या भाऊंना सांगितली. भाऊ टीबीतून बरे झालेले, पण डायबेटिसनं बेजार.

"म्हनजे टीबीले बी शुगर झाली?" त्यांचा चेहरा उजळला. "मंग काऊन टेंशन घेता? सकाळी उपाशीपोटी कारल्याचा रस पाजा त्याले. आपोआप ढिला पडते!"

*

साखरवालं प्रोटीन निघालं, पण इवलंसं. एका प्रयोगापुरतं. तोही फसला असता तर प्रोजेक्ट बंद, आणि मी हात हलवत पुण्याला परत. माझी झोप उडाली होती. ताजं रक्त हवं म्हणून पुन्हा त्या पहिल्याच गावात गेलो. जीप दिसताच दारं लागायला लागली.

एकटी मैनाबाई पुढे आली. ती टीबीतून वाचली होती. तिचा नवरा वाचला नव्हता.

"तुमीच म्हनलं होतं ना, पेशी हाये म्हनून?" तिनं विचारलं. "ज्यानं माहा नवरा नेला, त्याले ओळखाची?"

रक्त मिळतंय म्हटल्यावर मी घाईघाईत "हो हो, तेच!" म्हणालो. तिनं हात पुढे केला. सुई टोचताना तिनं मान जराही वळवली नाही.

लॅबमध्ये तिच्या पेशींपुढे दोन्ही प्रोटीनं ठेवली. बिनसाखरेच्या प्रोटीनला नेहमीसारखं कुणी विचारलं नाही. साखरवाल्याला मात्र आकडा असा चढला, की मी नाचताना साखरदाणी सांडली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

तसाच सलीमभाईंना उठवून गाव गाठलं. मैनाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मी जीपमधूनच ओरडलो, "बाई, ओळखलं! तुमच्या पेशींनी त्याला बरोबर ओळखलं!"

ती उभी राहिली. हात लुगड्याला पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्या अगदी जवळ आली.

"मंग? फाशी झाली का त्याले?"