पेजेत कुटलेली गोळी

“गोळी कुटून दिलीत?” कुडाळच्या हॉस्पिटलात आयसीयूच्या दाराशी डॉक्टर मॅडमनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. त्या क्षणी मायच्या आजाराचं कारण कळलं. दिवसभर थोडं थोडं सुटायचं औषध तिच्या पोटात एकदम सुटलं होतं. ते मी केलं होतं.

आमच्यासारख्या घरात हे सहज घडू शकतं, म्हणून लिहितो आहे.

देवबागला आमचा होमस्टे आहे. माय, माझी आई, आमच्याजवळच असते. तिचा रक्तदाब आवरत नव्हता म्हणून मालवणच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. ती कशी घ्यायची हे ते समजावत होते, तेव्हा मी फोनवर पाहुण्यांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीची वेळ सांगत होतो. मी फक्त “हो, हो” म्हणालो.

मायचे गुडघे धरलेले, म्हणून ती शौचाला खोलीतच भांड्याच्या खुर्चीवर बसते. एका सकाळी भांडं धुताना माझी बायको लुसी ओरडली, “हडे ये रे! गोळी तशीच पडली!”

खरंच, अख्खी गोळी. मला वाटलं, औषध विरघळतच नाही, मायला लागूच पडत नाही.

“डॉक्टराक इचार,” लुसी म्हणाली.

“त्येका काय इचारूचा?” मी म्हणालो. आमच्याकडे आजारी माणसाला जे गिळवत नाही ते पेजेत कालवून जातं. मी गोळी खलबत्त्यात कुटली आणि पेजेत ढवळली.

“कडू लागता रे, पेद्रू,” माय म्हणाली.

“पी गप!” मी तिच्यावर डाफरलो. तिने वाटी रिकामी केली.

दुपारच्या आत तिला घाम फुटला. डोळे फिरले, हाक मारली तरी ओ देईना. तिला मालवणला नेलं, तिथून कुडाळला हलवलं. हायपोटेन्शन, म्हणजे रक्तदाब खूप खाली जाणं, असं सांगितलं. कशामुळे, ते कळत नव्हतं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, ईसीजी काढला. संसर्ग असेल म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं.

“गोळ्या कशा देता?” एका डॉक्टरांनी विचारलं होतं.

“वेळेवर देतो,” मी म्हणालो. हे खोटं नव्हतं, पण मला ठाऊक होतं की ते पुरतं खरंही नाही. सांगायची लाज वाटली. बाकावर लुसी जपमाळ घेऊन बसली होती. तिने माळ मुठीत आवळली. “सांग त्यांका, नायतर मी सांगतंय.”

मग मी डॉक्टर मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. आधी आत जाऊन त्यांनी नसेतून कॅल्शियम सुरू करायला लावलं, या औषधाच्या अतिरेकावर ते देतात म्हणे. मग बाहेर येऊन मला समजावलं. “ही कंट्रोल्ड रिलीज गोळी आहे, म्हणजे औषध ठरावीक गतीने सोडणारी. हिचं कवच एका खास पॉलिमरचं असतं. ते पोटात विरघळत नाही, पण पाणी आत झिरपू देतं. आतला थर फुगतो आणि एका बारीक भोकातून औषध हळूहळू बाहेर ढकलतो. औषध संपलं की रिकामं कवच शौचातून पडतं. तुम्ही पाहिलंत ती गोळी नव्हती, नुसती साल होती. औषध त्यांना मिळत होतं.”

मिळत होतं. हे शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हते.

रक्तदाब हळूहळू वर आला, पण लघवी थांबली होती. क्रिएटिनिन वाढत होतं. मूत्रपिंडं रक्त नीट साफ करतात की नाही, ते या तपासणीवरून कळतं. “वाट पाहू,” मॅडम म्हणाल्या. “मूत्रपिंडं जागी झाली नाहीत तर डायलिसिस करावं लागेल.” म्हणजे रक्त यंत्रातून काढून साफ करायचं. मायला, माझ्यामुळे.

भेटीच्या वेळेत मी तिच्या तोंडाकडे कमी आणि पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे जास्त पाहायचो. पिशवी कोरडीच. एकदा सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या आणि पिशवीकडे बोट दाखवलं. तळाशी थोडंसं पिवळं पाणी होतं. मी बाहेर जाऊन लुसीला सांगितलं. पुढे पिशवी भरू लागली, क्रिएटिनिन उतरलं, डायलिसिसची गरज पडली नाही.

त्या डॉक्टरांचे, सिस्टरांचे आणि मला बोलतं करणाऱ्या लुसीचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुणाची गोळी अख्खी बाहेर पडलेली दिसली, तर घाबरू नका आणि कुटूही नका. गिळवत नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ते दुसरं औषध देतील. आणि चूक झालीच असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगून टाका.

साध्या वॉर्डात आणल्यावर मायने पहिल्यांदा विचारलं, “कोंबड्यांका दाणे कोणी घातल्यान?” ते ऐकून मला रडू आवरेना. तिचा हात धरून मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुज्या बापाशीन माका पाण्याचो गिलास कधी हातात दिल्यान नाय,” ती म्हणाली. “तू दिलंस. चुकलंस. आता तोंड धुवन ये, लोकां बघतत.”

मी तोंड धुऊन आलो, तेव्हा ती माझ्याकडे बोट दाखवून शेजारच्या पलंगावरच्या बाईंना आपल्या लेकाची ओळख करून देत होती, “हो माजो झील. माका गोळी होच देता.”