जिन्यातली धाप

“ओरडू नका, चौगुले, ओरडू नका म्हणतोय ना मी,” डॉक्टर ओरडत होते.

ते इतक्या जोरात ओरडले, की बाहेर बाकावर कान दाखवायला बसलेले निम्मे पेशंट तिथल्या तिथं बरे झाले. खरं तर मी ओरडत नव्हतोच. घसा कधीपासून बसलाय, एवढंच सांगत होतो. पण मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारणारा माणूस काही सांगणार, म्हणजे ते उचगावपर्यंत जाणारच. मी बोली पुकारली की कुरुंदवाडच्या घाटावरची कबुतरं उडायची, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मी.

डॉक्टरांनी घशात आरसा घातला, दिवा मारला आणि निदान सांगितलं. ‘व्होकल कॉर्ड पॉलिप’. म्हणजे आवाजाच्या पडद्यावर धरलेली मऊ गाठ.

“काढू आणि तपासायला पाठवू. नंतर मी सांगेपर्यंत तोंड बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं ताण वाढतो. ऐकलं नाहीत, तर हा आवाज विसरा.”

एवढं होईतोवर माझी बायको, शालन, वर पोचली. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि ती जिन्यात मागं राहिली होती. बायका साडी सावरत हळू चढतात, असा माझा तेव्हाचा अभ्यास.

ऑपरेशनचं काही सांगण्यासारखं नाही. बेशुद्ध करतात, दुर्बिणीतून गाठ काढतात, जाग येते तेव्हा घशात बाभळीचं बन उगवलेलं असतं. जड असतात ते रिपोर्टची वाट बघण्याचे दिवस. त्या आठवड्यात मी कितीदा तरी मेलो, स्वतःच्या मयताला गेलो आणि गर्दी किती जमली तेही बघून आलो. गर्दी बरी होती. रिपोर्टही बरा आला. गाठ साधी निघाली.

पण तोंड बंदच होतं. गळ्यात पाटी अडकवली, खिशात खडू. माझा तो अवतार बघायला यार्डातले हमाल घरापर्यंत येऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही श्वास गळ्यानं ओढता आणि गळ्यानंच फेकता. पोटातून घ्यायला शिका. योगाच्या वर्गाला जा.”

वर्ग आमच्या गल्लीमागच्या शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवायच्या कांबळे बाई, त्याच शाळेत पीटी शिकवणाऱ्या. बाईंचा आवाज इतका हळू, की मला आधी वाटलं यांचंही ऑपरेशन झालंय. त्या म्हणायच्या, “श्वास आला, की आला म्हणून बघा. गेला, की गेला म्हणून बघा. त्याला हाकू नका.”

डोळे मिटून मी बघितलं. माझा श्वास म्हणजे चंदगडच्या घाटात चढणारी एस.टी. आणि डोक्यात तर अख्खा सौदा चालू. बाहेरचा आवाज बंद पडल्यामुळं आतला आवाज दुप्पट ओरडत होता. शवासनात शेजारचे पोस्टमास्तर घोरत पडायचे आणि मी मनातल्या मनात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, विकत पडायचो.

रोज गेलो. बाईंच्या शिस्तीमुळं म्हणा, नाहीतर मला दुसरं कामच नव्हतं म्हणून म्हणा. हळूहळू आतली गर्दी पांगली. मग कधी तरी दोन श्वासांच्या मधे एक मोकळी जागा सापडली. तिथं कुणी बोली लावत नव्हतं. मला एकदम भीतीच वाटली, इतकं शांत.

पोस्टमास्तर म्हणाले, “चौगुले, असं शांत झालं की अंतर्ज्ञान जागं होतं. पुढचं दिसाय लागतं.”

झालं. मी लगोलग यार्डात गेलो आणि पाटीवर लिहून दाखवलं, ‘उद्या दर चढणार’. दुसऱ्या दिवशी दर असा आपटला, की दोन व्यापाऱ्यांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. तिसरा म्हणाला, “पावणं, तुमचा आतला आवाजबी बसलाय.”

ते विसरावं म्हणून मी घरीच सकाळचा श्वास बघायला बसू लागलो. आमचं घर माडीवर, पाण्याचा नळ खाली. एका सकाळी डोळे मिटून बसलो होतो. माझा श्वास आला, गेला. आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत मला दुसराच एक श्वास ऐकू आला. उथळ, घाईचा, कुणीतरी पाठीमागं लागल्यासारखा. तो जिन्यातून येत होता. कळशी टेकल्याचा आवाज. मग पुन्हा दोन पायऱ्या. पुन्हा कळशी टेकली.

मी उठून जिन्याच्या तोंडाशी गेलो. शालन कठडा धरून उभी होती. ओठ निळसर झाले होते. गुळाच्या रव्याकडं नुसतं बघून तो कुठल्या गावचा ते सांगणारा मी. हे ओठ मी किती दिवसांनी बघत होतो कोण जाणे.

पाटीवर लिहिलं, ‘धाप लागते?’

तिनं वाचलं आणि पायरीवर बसली. “लागती,” म्हणाली.

हृदयाच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, “लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?”

“व्हय. चंदगडला, माहेरी.”

त्यांनी ‘इको’ केला. छातीवर गार मलम लावून यंत्र फिरवतात, पडद्यावर हृदय हलताना दिसतं. दुखत नाही, घाबरू नका. निदान निघालं ‘मायट्रल स्टेनोसिस’. त्या जुन्या तापानं हृदयातल्या एका झडपेचं तोंड आकसलेलं. उपाय ‘बलून’. जांघेतल्या शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगवतात. डॉक्टरांनी धोकाही सांगितला, सरळ, न लपवता. मी सही केली.

तिला आत नेलं आणि मी बाकावर. बोलता आलं असतं, तर आल्यागेल्याला गाठून मी भीती वाटून टाकली असती. ती सगळी एकट्याला घ्यावी लागली. मग बाईंचं सांगणं आठवलं. आला. गेला. त्या बाकावर मला जेवढा योग आला, तेवढा हॉलमध्ये कधी आला नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढंच करा, दुसरं काही हातात नसतंच.

डॉक्टर बाहेर आले. “झडप उघडली. चांगलं झालंय. आणखी उशीर म्हणजे फुप्फुसात पाणी. तुमच्या लक्षात कसं आलं?”

मी पाटीवर ठसठशीत लिहिलं, ‘अंतर्ज्ञान’.

पुढं माझा आवाज परत आला, पूर्वीपेक्षा बारीक. शालन जिना एका दमात चढू लागली. बाईंचे आभार मानायला आम्ही जोडीनं वर्गात गेलो. बाई म्हणाल्या, अनुभव सांगा. मी सांगितला. इथं हॉलमध्ये बसून घरच्या जिन्यातल्या शालनची झडप वाजताना कशी ऐकली, तेही वाढवून सांगितलं. पोस्टमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई शालनकडं वळल्या. “वहिनी, तुम्ही आधी कुणाला बोलला नव्हता?”

शालननं पदर सारखा केला.

“बोलणार हुतो की. ह्यांचं बोलणं संपायची वाट बघत हुतो.”