काट्यावरची शीळ

यंत्रांशी भांडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण यंत्राची बाजू घेऊन उभ्या जगाशी भांडणारी बाई एकच पाहिली, आणि ती आमच्याच घरात माझी थोरली वहिनी म्हणून आली. रेडिओ खरखरला की आम्ही त्याला थापट मारायचो, आणि वहिनी हातातल्या कालथ्यासकट धावत यायची. "आरे, ताका कित्याक मारतात? तो सांगता तें आयका मरे!" रेडिओ काय सांगतो ते आम्हाला कधीच कळलं नाही, तिला कळायचं. ती डिचोलीची. वडील देवळात भजनाला पेटी वाजवायचे, आणि त्यांचा कान जसाच्या तसा तिच्याकडे आला होता. लग्नानंतर आमच्या इब्रामपूरच्या देवळात पहिल्याच भजनाला तिने बायकांच्या घोळक्यातून उठून, पेटीची एक पट्टी उतरली आहे, असं जाहीर केलं. नव्या सुनेच्या या आगाऊपणाची चर्चा गावाला आठवडाभर पुरली. मग कुणीतरी पेटी उघडली, तर आत झुरळांनी संसार थाटलेला.

गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. आमच्या सोप्यावर रोज संध्याकाळी मराठी खरी की कोंकणी खरी यावर गावची थोर मंडळी घसा बसेपर्यंत भांडत. एकदा त्यांनी वहिनीचा कौल मागितला. ती म्हणाली, "तुमचां चालूं द्या. पण चाय खंयच्या भाशेंत हाडूं तें आधी सांगा." त्या दिवशी सभा लवकर संपली.

वहिनी डिचोलीत नोकरीला होती. बाजारामागच्या एका माडीवर इनमीन चार माणसांची कंपनी. ती खाणींवर ट्रक तोलायच्या काट्यांसाठी कॉम्प्युटर बनवायची. त्या कॉम्प्युटरच्या पोटातली जी मूळ व्यवस्था सगळ्यांना जागा वाटून देते, तिचा गाभा वहिनीने लिहिला होता. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आमची आई शेजारणींना अभिमानाने सांगायची, "आमची सून कर्नलाकडे कामाक आसा." मोप्याच्या मावशीने तर, कर्नल स्वभावाने कसा आहे, अशी चौकशीही केली होती. वहिनी म्हणाली, "बरो आसा, पण विसरता."

कर्नलचं मुख्य काम हिशेब ठेवण्याचं. आतली एकेक जागा किती जण वापरतायत याचा आकडा तो जवळ बाळगतो. कुणी जागा धरली की आकडा एकाने चढवायचा, कुणी सोडली की एकाने उतरवायचा. शून्यावर आला की जागा रिकामी समजून दुसऱ्याला द्यायची. वहिनी हाच कायदा घरातही चालवायची. हातात वस्तू धरून मोठ्याने विचारायची, "हें कोण वापरता?" उत्तर आलं नाही की वस्तू गेली. दादा न्हाणीत असताना तिने त्यांची छत्री अशीच विचारून, उत्तराची वाट पाहून, पाव घेऊन आलेल्या पोदेराला देऊन टाकली. दादा भिजत कचेरीला गेले. संध्याकाळी वहिनी शांतपणे म्हणाली, "न्हाणींतल्यान ओ दिवंक जायना?"

आणि दैवयोग असा की मी नेमका तिच्याच कंपनीचं मशीन बसवलेल्या खाणीवर काट्याचा कारकून होतो. पावसाळ्यात ते मशीन बिथरलं. एका ट्रकच्या चिठ्ठीवर दुसऱ्याचं वजन यायला लागलं, आणि थोड्या वेळाने पडदा गोठून सगळंच ठप्प. लाल चिखलात ट्रकांची रांग पार वळणापलीकडे जायची, आणि कोल्हापूर-बेळगावकडचे ड्रायव्हर माझ्या खिडकीत डोकं घालायचे. "काय वो सायेब, रिकामी गाडी भरल्यालीपेक्षा जड कशी?" मी घरी येऊन वहिनीवर ओरडायचो. ती म्हणायची, "मशीन चुकना. माणूस चुकता." तिच्या माडीवर तेच मशीन दिवसचे दिवस मुकाट चालायचं. शेवटी आमच्या मॅनेजरने सांगितलं की आठवड्याभरात सुधारलं नाही तर मशीन काढून टाकू. आमच्या खाणीने काढलं असतं तर बाकीच्यांनीही काढलं असतं, आणि त्या माडीला कुलूप लागलं असतं. त्या रात्री वहिनी जेवली नाही. दादांनी काही विचारलं तर "उलोवं नकात, हांव आयकतां" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसली. वाटेत डिचोलीच्या बाजारात आम्ही पाव आणि पातळ भाजी खाल्ली, आणि मग तिने काट्याच्या केबिनमध्ये स्टूल मांडलं. रात्री कागदावर लिहून काढलेले दोन आवाज तिने आता कर्नलमध्ये घातले: आकडा चढला की मशीन उंच शीळ घालायचं, उतरला की खालची. ट्रक काट्यावर आला की शिळा सुरू. ड्रायव्हर खूश! गडहिंग्लजचा एक जण खाली उतरूनच आला. "बाई, ह्यो पावा कोन वाजवतंय?" "मशीन वाजयता. तुमी उगी रावा," वहिनी डोळे मिटूनच म्हणाली. खाणीवर बातमी पसरली की काट्यावर नाटक लागलंय. मॅनेजर दारात येऊन हताशपणे बघून गेला.

काही दिवस असेच गेले. शिळा जेवढ्या चढत तेवढ्याच उतरत. मग एका दुपारी दमट हवेने प्रिंटरमध्ये कागद अडकला. आम्हा कारकुनांना शिकवलं होतं तसं मी रद्दचं बटण दाबलं. वहिनी ताडकन उठली. "राव! वयर दोनदां गेलो, सकयल तीनदां आयलो!" मग स्टुलावर बसून ती इतकं हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्या वजनाची जागा दोघांनी धरलेली असायची, पडद्याने आणि प्रिंटरने. कागद अडकला की प्रिंटर कंटाळून स्वतःच आपला हात सोडायचा. आणि रद्द केलं की कर्नल प्रिंटरच्या नावाने पुन्हा एकदा सोडायचा. पडदा अजून जागा धरून असतानाच आकडा शून्यावर, आणि ती जागा पुढच्या ट्रकला; मग पडद्यानेही सोडली की तिसरी उतरती शीळ. माडीवर कागद कोरडा, म्हणून तिथे हे कधी घडलंच नाही. "सांगलें न्हय, माणूस चुकता?" वहिनी डोळे पुसत म्हणाली. "तो माणूस हांव."

दुरुस्ती दोन ओळींची होती. मशीन टिकलं, माडी टिकली. शिळा तेवढ्या तिने काढून टाकल्या. ड्रायव्हर बरेच दिवस विचारत राहिले. मशीन मग इतकं नीट चाललं की वहिनीला खाणीवर यायचं काही कारणच उरलं नाही. सकाळी डिचोलीच्या बाजारातून एकटा जाताना, कागद पुन्हा अडकावा, असं एकदोनदा माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू?

पुढे दादांची बदली झाली आणि दोघं पुण्याला गेली; दादा वारल्यावर वहिनी मुलीजवळ तिथेच राहिली. बऱ्याच वर्षांनी खाण बंद झाली. काटा उचलून नेला त्या दिवशी मी तिला फोन केला. तिने आधी शेवटच्या ट्रकचं विचारलं, "निमाणी गाडी कोणाची?"

"गडहिंग्लजच्याच एकाची. उतरून काट्याक हात लावन नमस्कार केल्यान आणि गेलो."

"बरें केलें ताणें," ती म्हणाली.

बोलणं तिथेच संपलं. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, माझ्याकडे रस्ता सुनसान होता. पण फोन तिनेही ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.